सोफ्याचं तोंड कुणीकडे?

शेकोटी माणसांना गोल करून बसवते, टीव्ही रांगेत बसवतो. आग जवळ बोलावते, टीव्ही मागे सरकायला सांगतो. आग कुठूनही बघा, सारखीच दिसते. टीव्ही कडेला बसून बघितला की नायक बारीक होतो आणि नायिकेचा रंग उडतो. ही दोन प्रकरणं एकाच खोलीत नांदवायची, तीही एका सोफ्याच्या जिवावर, हे काम सध्या माझ्याकडे आहे. माझ्याकडे का, तर "तुला त्यातलं कळतं" यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं. आमच्याकडे इतक्या झटपट एकमत फक्त काम दुसऱ्याच्या गळ्यात घालताना होतं.

खोली अशी आहे. एका भिंतीच्या बरोब्बर मध्यावर फायरप्लेस. समोरच्या भिंतीत भलीमोठी खिडकी. उजवीकडे स्वयंपाकघराचं दार, डावीकडे बोळातून येणारं दार आणि त्याच्या शेजारी जेमतेम साडेचार फूट कोरी भिंत. कागदावर भिंती चार, वापरायला मिळते अर्धी. ज्याने हे घर बांधलं त्याच्या काळी टीव्ही नसेल, असं म्हणून मी सुरुवातीला त्याला माफ केलं होतं. पण बेअर्डसाहेबांनी लंडनमध्ये टीव्हीचं प्रात्यक्षिक दाखवलं १९२६च्या जानेवारीत, आणि आमचं घर तेवढं जुनं नाही. शिवाय बांधणाऱ्याने टीव्हीसाठी खास प्लग पॉइंट दिलाय, खिडकीच्या खाली. म्हणजे त्याला टीव्ही माहीत होता. तो बघणारी माणसं तेवढी माहीत नव्हती.

खिडकीपुढे टीव्ही ठेवून पाहिला. दिवसा मागून ऊन यायचं आणि पुढे अंधार दिसायचा. सकाळच्या बातम्यांत निवेदिकेचा फक्त आवाज असे. पडदे ओढावेत तर भर दुपारी घरात दिवे. तो विषय तिथेच मिटला.

नवऱ्याचं मत पहिल्यापासून पक्कं होतं. टीव्ही फायरप्लेसच्या वर लावायचा. "दोन्ही एकाच भिंतीवर, सोफ्याला एकच तोंड, विषय संपला. यात डोकं चालवण्यासारखं आहे काय?" पुरावा म्हणून त्याने एका मासिकातला फोटो पुढे केला. फोटो देखणा होता. पण असल्या फोटोतल्या सोफ्यावर माणूस कधीच बसलेला नसतो, त्यामुळे त्याची मान दुखत नाही. आणि त्या टीव्हीला वायर नव्हती. सेट-टॉप बॉक्स नाही, एक्स्टेंशन बोर्ड नाही, उशीखाली हरवलेला रिमोट नाही. तो टीव्ही निव्वळ श्रद्धेवर चालत असावा.

आमच्या मुलीने मग नुकतीच शिकलेली त्रिकोणमिती बाहेर काढली. फायरप्लेसवरची फळी साडेचार फुटांवर. तिच्यावर चार बोटं जागा सोडून आमचा ५५ इंची टीव्ही टांगला, तर पडद्याचा मध्य येतो साधारण सहा फुटांवर. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे असतात जमिनीपासून साडेतीन फुटांवर. आता टीव्ही किती लांबून बघावा, तर जाणकार म्हणतात की पडद्याने नजरेचा ३० अंशांचा कोन व्यापावा, थिएटरची मजा हवी असेल तर ४०. आमच्या मापाच्या टीव्हीला तो हिशेब साडेसात ते साडेपाच फुटांचा पडतो. साडेसात फूट धरले तरी मान १८ अंश वर. साडेपाचला विचारूच नका.

"१८ अंश म्हणजे काय फार नाही," नवरा म्हणाला. लेकीने भिंतीवर १८ अंशांच्या जागी एक कागद चिकटवला आणि बापाला सांगितलं, "बघत बस." तो बसला. थोड्या वेळाने त्याचा हात आपसूक मानेकडे गेला आणि डोकं खाजवल्यासारखं करून परत आला. मग मी त्याला, आग चांगली तासभर पेटलेली असताना फळीच्या वर हात धरून बघायला सांगितलं. बहुतेक टीव्हींच्या माहितीपुस्तकात ४० अंश सेल्सियसच्या वर वापरू नका असं बजावलेलं असतं, ते पान मी उघडूनच ठेवलं होतं. त्याने हात धरला आणि लगेच काढला. विषय खरोखरच संपला.

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, म्हणणं अगदी साधं. त्यांना आगीजवळ खुर्ची हवी. टीव्ही कुठे जातो याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. "आमच्या वेळी कुठे होता टीव्ही?" असं ते म्हणतात, आणि तेही रात्रीच्या बातम्यांचा आवाज वाढवता वाढवता. पण खुर्चीबाबत त्यांची बाजू खरी आहे. उघड्या फायरप्लेसची बरीचशी ऊब धुराड्यातून वर जाते, आणि जाताना खोलीतली गरम हवाही ओढून नेते. काउंट रमफर्ड नावाच्या गृहस्थांनी १७९६ सालीच यावर निबंध लिहून उपाय सांगितला होता: जाळ पेटवायचा कोनाडा उथळ ठेवा, बाजूच्या भिंती तिरक्या करा, म्हणजे ऊब खोलीत फेकली जाईल. आमची फायरप्लेस खोल आणि चौकोनी आहे. आमच्या बांधणाऱ्यापर्यंत ही बातमी पोचायला एवढी वर्षं पुरली नाहीत. परिणामी खोलीत हिवाळा असतो आणि आगीपुढच्या सतरंजीएवढ्या जागेत उन्हाळा.

त्या सतरंजीएवढ्या जागेवर बाबांची खुर्ची रोज वीतभर पुढे सरकते. अग्निसुरक्षेचा नियम असा की जळू शकेल अशी कुठलीही वस्तू आगीपासून निदान तीन फूट लांब हवी. मी टेपने मोजून जमिनीवर लाल चिकटपट्टी लावली. "बाबा, खुर्ची पट्टीच्या अलीकडे ठेवा हं." ते लगेच हो म्हणाले. दोन दिवसांनी खुर्ची पट्टीच्या अलीकडेच होती, पट्टी मात्र पुढे गेलेली होती.

मग एकदा सगळ्या वस्तू भिंतींना टेकवून खोली मोकळी करून पाहिली. प्रशस्त दिसली. फक्त बोलणं बंद झालं, कारण समोरच्याला "काय?" विचारण्यातच संध्याकाळ जायची. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसांमधल्या अंतरांची प्रतवारी लावून ठेवली आहे (हॉलमध्ये कुणी कुठे बसावं हे हॉलनेच सांगावं, यात माझा काही हात नाही). दीड ते चार फूट हे जवळच्या माणसांचं अंतर, चार ते बारा फूट ओळखीपाळखीचं आणि कामकाजाचं. बाराच्या पुढे जाहीर भाषणाचं. माझ्या आणि नवऱ्याच्या मध्ये तेरा फूट भरत होते. आमच्या संवादाची एकूण धाटणी पाहता ते शास्त्राला धरूनच होतं, पण बाबा म्हणाले, "तुमचं भांडण मला आगीशी बसून नीट ऐकू येत नाही." सोफा परत पुढे आला.

राहता राहिली ती दाराशेजारची साडेचार फुटांची भिंत. आमचा टीव्ही चार फूट रुंद, म्हणजे बसतोय. पण आमचा सोफा एल आकाराचा, आणि त्याची एक भुजा नेमकी त्याच भिंतीला खेटून. तो वळवायचा तर खोलीत जागा नाही; एकीकडे फायरप्लेसचा ओटा आडवा येतो, दुसरीकडे खिडकीची कड. उपाय एकच, सोफा बोळात न्यायचा, तिथे फिरवायचा आणि उलट्या तोंडाने आत आणायचा.

एखाद्या काटकोनी वळणाच्या बोळातून जास्तीत जास्त केवढा सोफा नेता येईल, हा गणितातला नावाजलेला प्रश्न आहे. तो लिओ मोझर यांनी मांडला, तोही १९६६ सालीच. बोळ एक मीटर रुंद असेल तर उत्तर सुमारे २.२१९५ चौरस मीटर. जोसेफ गर्व्हर यांनी १९९२मध्ये तसा आकार काढला, आणि याहून मोठा सोफा जाणंच शक्य नाही याची सिद्धता २०२४च्या अखेरीस जिनऑन बेक यांनी मांडली. आकार जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा आहे. त्यावर बसता येईल का, हा प्रश्न गणितात येत नाही. आणि गणितातला सोफा सपाट असतो, त्याला पाय नसतात, हात नसतात, आणि दुसऱ्या टोकाला "आता तुझ्याकडून उचल, अगं तुझ्याकडून!" असं ओरडणारा नवराही नसतो.

आमचा सोफा वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. बाबा नेमके सोफ्याच्या पलीकडे, न्हाणीघराच्या बाजूला राहिले, ही त्यांच्या दृष्टीने बरी गोष्ट होती. आम्ही अलीकडे राहिलो, ती आमच्या दृष्टीने तेवढी बरी नव्हती. गणितज्ञांना ५८ वर्षं लागली, मग आपण एक दुपार धीर धरायला काय हरकत आहे, असं मुलगी म्हणाली. शेवटी पाय उघडून काढायचे असतात हे बाबांनीच पलीकडून सांगितलं. ते त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. "मला कुणी विचारलंच नाही," ते म्हणाले.

आता सोफ्याची एक भुजा आगीकडे तोंड करून आहे, दुसरी टीव्हीकडे. कोपऱ्यातल्या जागेवरून दोन्ही दिसतं, त्यामुळे तिच्यासाठी भांडणं होतात. तिथे बसल्यावर पाय कुठे ठेवायचे ते मात्र कुणालाच कळत नाही. बाबांना एक फिरती खुर्ची आणली आहे. चित्र अंधारं असलं की पडद्यावर ज्वाळांचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे भुताच्या सिनेमात भूत यायच्या आधीच त्याला चटके बसू लागतात. माझ्या मते याहून बरी मांडणी या खोलीत होणार नाही, आणि कुणाला सुचली तर सोफा त्यांनी उचलावा.

परवा मुलीने टीव्हीवरच आग लावून दिली. म्हणजे जळत्या लाकडांचा व्हिडिओ. मी हसणार होते, पण हे खूळही जुनंच निघालं. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूपीआयएक्स वाहिनीने नाताळच्या आदल्या रात्री तीन तास नुसती पेटती फायरप्लेस दाखवली होती, सतरा सेकंदांची फिल्म पुन्हा पुन्हा फिरवून. साल सांगायलाच नको, १९६६. त्या वर्षी जगातल्या शहाण्या माणसांना दिवाणखान्यांनी का पछाडलं होतं कुणास ठाऊक. पुढे २०१३च्या फेब्रुवारीत नॉर्वेच्या एनआरके वाहिनीने सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम केला, त्यात कितीतरी तास फक्त आग. तरी प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. काहींचं म्हणणं, लाकडाची साल वर हवी, काहींचं, खाली.

बाबांनी खुर्ची फिरवली. पाठीला खरी आग, पुढ्यात टीव्हीवरची. बराच वेळ निरखून म्हणाले, "लाकडं रचणाऱ्याला काही कळत नाही. हवा कुठून जाणार?" नवऱ्याला मॅच बघायची होती. तो रिमोट हातात घेऊन उभाच होता.

"बाबा, बदलू का आता?"

"थांब रे जरा. ते डावीकडचं लाकूड आता पडेल."