एको साउंडरची एक फेरी आणि ‘धरणातला प्रत्येक मासा’

बोटीला एको साउंडर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारे यंत्र लावून एक फेरी मारली की धरणातला प्रत्येक मासा जातीनिशी आणि वजनानिशी मोजला जातो, त्यामुळे जाळे टाकून पाहणी करण्याची गरज उरलेली नाही, असा दावा सध्या बराच फिरतो आहे. ध्वनीने मासे मोजण्याची पद्धत मला फार मोलाची वाटते आणि म्हणूनच हा दावा खोडून काढणे आवश्यक वाटते. अशा आकड्यांवर जलाशयाचा ठेका आणि सोडायच्या बोटुकलीची, म्हणजे बोटभर पिलांची संख्या ठरू लागली, तर चुकीची किंमत मच्छीमार सहकारी संस्थांना मोजावी लागेल.

‘प्रत्येक मासा’ हे शब्द आधी तपासू. ट्रान्सड्यूसर, म्हणजे यंत्राचा ध्वनी सोडणारा व टिपणारा भाग, खाली रोखलेला असताना पाण्याचा वरचा दीड-दोन मीटरचा थर बहुतांशी निसटतो, कारण तेथे ध्वनीची शलाका अगदी अरुंद असते आणि ट्रान्सड्यूसरच्या लगतचे मोजमाप भरवशाचे नसते. तळाशीही अडचण आहे. गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो; म्हणजे ०.४ मिलिसेकंदाचा ध्वनीचा स्पंद वापरला, तर तळापासून सुमारे ३० सेंटिमीटरच्या आत असलेल्या माशाचा प्रतिध्वनी तळाच्या प्रतिध्वनीतच मिसळून जातो आणि उतारावर हा आंधळा पट्टा आणखी वाढतो. आता आपल्या धरणांतले मासे पाहा: कटला वरच्या थरात चरतो, मृगळ तळाशी, मरळ काठच्या पाणवनस्पतींत राहतो आणि चिलापी विणीसाठी उथळ काठाला खड्डे करते, जिथे बोट धड जातही नाही. शलाका आडवी रोखून वरचा थर पाहता येतो, पण मग लाटांचे आणि काठाचे प्रतिध्वनी मध्ये येतात.

दाव्याचा सर्वांत कच्चा भाग जात आणि वजन यांचा आहे. माशाकडून परत येणाऱ्या ध्वनीचा सुमारे ९० टक्के भाग त्याच्या वाताशयातून, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतून येतो. म्हणून सारख्या लांबीचे रोहू आणि कटला एका फ्रिक्वेन्सीच्या प्रतिध्वनीवरून वेगळे ओळखता येत नाहीत. वजनाचा हिशेब तर आणखी नाजूक आहे. माशाची लांबी दुप्पट झाली की प्रतिध्वनी साधारण ६ डेसिबलने (डेसिबल हे ध्वनीचा जोर मोजायचे एकक) वाढतो. पण तोच मासा नुसता तिरका झाला, तर प्रतिध्वनीत याहून मोठा फरक पडू शकतो. लांबी दुपटीने चुकली की वजन आठपटीने चुकते. म्हणून जाणकार एकेका प्रतिध्वनीवर विसंबत नाहीत. ते हजारो प्रतिध्वनींची सरासरी घेतात.

अलास्कातल्या केनाय नदीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे किंग सामन आणि सॉकाय सामन एकाच वेळी नदीत चढतात आणि राज्याचा मत्स्य विभाग १९८० च्या दशकापासून त्यांतले किंग सामन सोनारने, म्हणजे अशाच ध्वनियंत्राने, मोजत आला आहे. किंग मोठा, सॉकाय लहान, तेव्हा प्रतिध्वनीच्या जोरावरून दोघे वेगळे काढता येतील अशी सुरुवातीची अपेक्षा होती. दोरीला बांधलेल्या, लांबी आधीच माहीत असलेल्या माशांवर प्रयोग केल्यावर दिसले की बाजूने टिपलेल्या प्रतिध्वनीचा जोर लांबीविषयी फारसे काही सांगत नाही. पुढे तेथे डिडसन हा प्रतिमा दाखवणारा सोनार आला. त्यात माशाची लांबी थेट पडद्यावर मोजता येते आणि मोजणीत खरी सुधारणा झाली, पण ही सुस्पष्टता मर्यादित अंतरापुरतीच मिळते. शिवाय लहान किंग आणि सॉकाय यांच्या लांब्या एकमेकांत मिसळतात, म्हणून विभागाने आपली उद्दिष्टे ७५ सेंटिमीटर आणि त्याहून मोठ्या किंग सामनवर बेतली आहेत. नदीत जाळे टाकून नमुना घेणेही थांबलेले नाही. एका नदीवर आणि मुख्यतः दोन जातींवर इतकी वर्षे खर्चूनही जे साधले नाही, ते अनेक जातींच्या धरणात एका फेरीत कसे साधेल?

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका मासाच असतो, हेही खरे नाही. गाळातून सुटणारे मिथेनचे बुडबुडे आणि डासांच्या नात्यातल्या काही कीटकांच्या हवेच्या पिशव्या असलेल्या अळ्या माशांसारखाच प्रतिध्वनी देतात.

‘एक फेरी पुरे’ हे म्हणणे तर वेळेचाच विचार करत नाही. पुष्कळ मासे दिवसा थव्याने किंवा तळालगत राहतात आणि रात्री पाण्यात विखुरतात, तेव्हाच ते सुटेसुटे दिसतात. म्हणून तलावांची अशी पाहणी सहसा रात्री, ठरवलेल्या अनेक ओळींवरून बोट चालवून केली जाते.

या पद्धतीने काय मिळते, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. खोल, मोकळ्या पाण्यात माशांची दाटी किती, ती कोणत्या खोलीवर आणि वर्षागणिक वाढते की घटते, हे जाळ्यापेक्षा ध्वनीने अधिक लवकर आणि मासा न मारता कळते. मात्र त्यासाठी ज्ञात प्रतिध्वनी देणाऱ्या धातूच्या गोळीने यंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे मापाची पडताळणी आणि जुळणी, करावे लागते, कारण ३ डेसिबलची चूक राहिली की माशांचा अंदाज दुप्पट किंवा निम्मा होतो. तेव्हा कोणी असा अहवाल संस्थेपुढे ठेवला, तर कॅलिब्रेशनची नोंद, फेऱ्यांचा नकाशा, पाहणीची वेळ आणि त्याच आठवड्यात टाकलेल्या जाळ्यांतली जातवार मापे ही कागदपत्रे आधी मागावीत. ती मिळेपर्यंत त्या आकड्यावर ठेक्याची रक्कम ठरवू देऊ नये.