ईआरपीचं नावही नाही?
ओसीडीवरच्या तुमच्या लेखात या आजाराचा (नको ते विचार डोक्यात घोळत राहतात आणि त्यापायी माणूस पुन्हा पुन्हा हात धुतो, तपासत बसतो) उपचार ‘गोळ्या घ्या आणि मन दुसरीकडे वळवा’ एवढ्यावरच गुंडाळलाय, ते काही पटलं नाही. हे विचार मन वळवून जात नाहीत, उलट दाबले की दुप्पट जोराने उसळतात. ईआरपीचा, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण नेहमीची कृती करायची नाही या थेरपीचा, तर उल्लेखही नाही! मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांच्या 1966 मधल्या कामातून पुढे आलेली ही पद्धत आजही पहिल्या फळीत आहे. दाराच्या कडीला हात लावायचा आणि हात धुवायचे नाहीत. जीव कासावीस होतो, घाम फुटतो, तरी बसून राहायचं. हळूहळू कळतं की न धुताही आभाळ कोसळत नाही. सुरुवात अर्थातच सोप्या पायरीपासून, थेरपिस्टच्या देखरेखीखाली. घरच्यांनी जबरदस्तीने नळ बंद करणं म्हणजे ईआरपी नव्हे.

घरच्यांवरून आठवलं, ‘गॅस बंद केलाय ना?’ला दहाव्यांदा ‘हो गं बाई, केलाय’ म्हणणं मदत वाटते, पण त्याने आजाराचंच फावतं. लेखात यावर एक ओळ तरी हवी होती.

गोळ्यांचं म्हणाल तर फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांचा डोस इथे नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त लागतो आणि पुरता फरक कळायला 8 ते 12 आठवडे जातात. पंधरा दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून सोडून देणारे कितीतरी! परस्पर बंद तर करूच नका, डॉक्टरांशी बोला. यांनी नाहीच भागलं तर क्लोमिप्रामिन हे औषध आहे, शिवाय अमेरिकेत 2018 पासून डीप टीएमएसलाही (चुंबकीय लहरींनी मेंदूला चालना देण्याच्या उपचाराला) मान्यता आहे.