झाडाला मिठी मारण्यापूर्वी सरकार तपासा

पर्यावरणप्रेमी व्हायचं ठरवलंय? छान. पण आधी राज्यात सरकार कुणाचं आहे ते बघा. ते न बघता झाडाला मिठी मारलीत तर आपलेच लोक तुम्हाला ग्रुपमधून काढतील.

मुंबईतल्या आरेच्या जंगलाचंच घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पडली, तेव्हा निम्म्यांना विकास दिसला, निम्म्यांना बिबट्या आठवला. नोव्हेंबरात सरकार बदललं आणि कामाला स्थगिती मिळाली. २०२० मध्ये कारशेड कांजूरमार्गला निघाली, २०२२ मध्ये सरकार पुन्हा बदललं आणि ती आरेत परतली. प्रत्येक वळणावर तुम्हाला नवी पोस्ट टाकायची होती. बिबट्याला कुणी विचारलं नाही. तो पडला अपक्ष.

कोकणातल्या तेल रिफायनरीचा पेपर जरा अवघड. २०१९ च्या लोकसभेआधी युती टिकावी म्हणून नाणारची रिफायनरी रद्द करणारेच पुढे ती बारसूला आणायला सरसावले. आणि मुख्यमंत्री असताना ज्यांनी बारसूची जागा सुचवणारं पत्र दिल्लीला धाडलं, ते खुर्ची गेल्यावर बारसूच्या सड्यावर विरोधकांसोबत उभे राहिले. तुम्ही फक्त आपला नेता कुठे उभा आहे ते पाहून कोकणचा हापूस धोक्यात आहे की नाही ते ठरवायचं.

फटाक्यांवर मात्र ठाम राहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीला रात्री ८ ते १० ची वेळ दिली, की लगेच 'आमच्याच सणांना का?' त्याच आदेशात नाताळ आणि नववर्षाला मध्यरात्रीच्या आसपासची अवघी ३५ मिनिटं आहेत, पण तिथवर वाचू नका, संताप उतरतो. पुरोगामी असाल तर धुराचा फोटो टाका. खिडकी लावून, एसी १८ वर ठेवून.

घरात मात्र विचारधारेची कटकट नाही. ओला-सुका एकाच पिशवीत, वर घट्ट गाठ, घंटागाडीवाला बघून घेईल. मंडईत जाताना कापडी पिशवी दाराच्या खिळ्यालाच राहू द्या. प्लास्टिकबंदी जून २०१८ पासून आहे, हे भाजीवालीलाही पाठ आहे. "पाच हजार दंड आहे, दादा," म्हणत ती गोणपाटाखालून पातळ पिशवी काढते आणि तुमची दहाची कोथिंबीर तीत कोंबते. मागे वळून बघा. आरेवरून काल रात्री तुम्हाला देशद्रोही ठरवणारे शेजारचे काका रांगेत उभे आहेत.

"मावशी, मलाही एक. जरा जाड बघून द्या."