लेकरांना रडवून कुणाचा ताण कमी झालाय?

आज दुपारी मेसवर जेवायला आलेल्या निम्म्या पोरींचे डोळे सुजलेले. मला वाटलं टेस्टचा निकाल लागला असेल. तर आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, म्हणून इथल्या नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, क्लासनं सगळ्या बॅचेस मंगल कार्यालयात नेल्या होत्या, ताणमुक्तीवर व्याख्यान. वक्ते बाहेरून आणलेले. आणि त्या माणसानं काय केलं तर बापाची फाटकी चप्पल, आईच्या हाताचे घट्टे, मोडलेलं सोनं, मागं बासरीचं रडकं म्युझिक, आणि शेवटी लाईट घालवून "डोळे मिटा, बाबांचा चेहरा समोर आणा, आता स्वतःला विचारा मी त्यांना काय दिलं". सगळा हॉल हुंदके देऊन रडला म्हणे. फोटो पण काढले. संध्याकाळी स्टेटसला होते, विद्यार्थी भावुक म्हणून.

मला इतका राग आलाय की भांडी तशीच टाकून हे लिहायला बसलेय.

लातूरला ट्यूशन एरियात मेस चालवणाऱ्या बाईला हे कळतं तर तुम्हाला का कळत नाही? सोळा-सतरा वर्षाची पोर घरापासून दीडशे किलोमीटरवर एका खोलीत राहते, तिला बापाचे कष्ट माहीत नाहीत असं वाटतं का तुम्हाला? तिला त्याच्याशिवाय दुसरं काही माहीत नाही!

एक लेकरू होतं आमच्याकडं. गाव-नाव सांगत नाही, पण तिला विचारूनच लिहितेय. तिचा डबा परत यायला लागला. आधी भाकरी परत यायची, मग भात, मग झाकणसुद्धा न उघडलेला अख्खा डबा. मी खोलीवर गेले तर समोर बायोलॉजीचं पुस्तक उघडं आणि ही भिंतीकडं बघत बसलेली. म्हणलं काय होतंय ग बाई. बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "काकू, झोपच लागना. डोळे मिटले की बाबा दिसतात."

आणि आज हा माणूस माईक घेऊन सांगतोय डोळे मिटा आणि बाबांना बघा.

म्हणलं चल उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ. तर पोर घाबरली. दवाखान्याला नाही, क्लासच्या मेसेजला. ओपीडी सकाळची, क्लास पण सकाळचा, आणि हजेरीला अंगठा लागला नाही की बापाच्या मोबाईलवर मेसेज, आपला पाल्य आज गैरहजर आहे. तिकडं तो माणूस शेतात मेसेज वाचणार, फोन करणार, काय सांगायचं? त्या एका मेसेजच्या भीतीनं ती पोर किती दिवस तशीच जागी राहिली असेल देव जाणे. जवळचा प्रायव्हेट डॉक्टर तिच्या हिशोबात बसत नव्हता, तिला महिन्याच्या खर्चाला यायचे तेवढे एका वेळेला जातात.

शेवटी मी घेऊन गेले. डॉक्टर मॅडम फार चांगल्या होत्या, गर्दीतसुद्धा तिचं सगळं ऐकून घेतलं, पण अठराच्या आतली आहे, घरच्यांना बोलवा म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं. रात्रीच्या एसटीनं वडील आले. मी मनाची तयारी करून होते की आता हा माणूस ओरडणार, एवढी फी भरली म्हणणार. तो ओपीडीच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला आणि मला म्हणाला, "ताई, डॉक्टर होऊ नाहीतर न होऊ, माझं लेकरू पहिल्यावानी जेवंल ना?"

हा बाप आहे. तुमच्या व्याख्यानातला बाप खोटा आहे.

जाऊ दे. तर मुद्दा असा की सोयी नाहीत असं नाही, आहेत. टेलिमानस म्हणून सरकारचा नंबर आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. २०२२ ला १० ऑक्टोबरलाच सुरू झालाय तो. सरकारी दवाखान्यात दहा ते एकोणीस वयाच्या पोरापोरींसाठी मैत्री क्लिनिक असतं, ते तर कुणाला माहीतच नाही, ट्यूशन एरियात दहा पोरांना विचारा, एकाला माहीत असलं तर मला सांगा. २०१७ चा कायदा म्हणतो मानसिक आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. पण होस्टेलवर फोन काढून घेतात हो! आठवड्यातून एकदा रविवारी हातात देतात, तो पण घरी बोलायला आणि मागं लाईन लागलेली. चोवीस तासाची हेल्पलाइन आणि फोन वॉर्डनच्या कपाटात. लेकरानं रात्री दोन वाजता काय करायचं? मान्य आहे, फोन दिला तर पोरं रील्स बघतात, मला पण दोन मुलं आहेत. मग जिन्यात एक साधा फोन ठेवा ना, सगळ्यांना वापरता येईल असा.

सुप्रीम कोर्टानं २०२५ च्या जुलैमध्ये सगळं लिहून दिलंय. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणारी सतरा वर्षांची मुलगी वारली, तिच्या वडिलांनी केस लढवली, त्यात. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असले तर शिकलेला एक तरी समुपदेशक पाहिजे, क्लास असो की कॉलेज. मार्कांवरून बॅचेस पाडू नका, चारचौघात पोरांचा पाणउतारा करू नका, हेल्पलाइनचे नंबर होस्टेलमध्ये आणि वर्गात मोठ्या अक्षरात लावा. आमच्या इथं दर टेस्टनंतर बॅच बदलते, वरच्या बॅचमधून खाली आलेलं पोर त्या दिवशी जेवायला येत नाही, आम्ही मेसवाल्या बायका न विचारता ओळखतो. ही पोर पण तशीच खाली आली होती, डबा परत यायला लागला तो त्याच आठवड्यापासून.

सगळे क्लास वाईट नाहीत, एक-दोन सरांनी तर स्वतःच्या गाडीतून पोरं दवाखान्यात नेलेली मी बघितलीत. आणि डॉक्टर व्हायचं तर घासावं लागतंच. पण २०२२ साली देशात सगळ्यात जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आपल्या महाराष्ट्रात झाल्यात, १७६४. त्यातल्या प्रत्येकाचा डबा कुणीतरी भरत असेल ओ. लिहितानाच पोटात कालवतंय.

ती पोर आता बरी आहे. गोळ्या चालल्या काही महिने, मॅडमकडं बोलायला जायची, सुरुवातीला मीच सोबत जायचे. आता दुसरीकडं शिकतेय आणि फोन केला की आधी जेवलात का विचारते मलाच.

ज्यांची लेकरं इथं आहेत त्यांना एवढंच म्हणणं आहे. क्लासला लेखी द्या की माझ्या मुलाला-मुलीला दवाखान्यात जायचं असेल तर सकाळी सोडा, त्या दिवशी गैरहजेरीचा मेसेज आला तरी मी रागावणार नाही, आणि हे लेकराला पण फोनवर स्वतःच्या तोंडानं सांगा. १४४१६ त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावा. तुम्हाला गावाहून लगेच येणं जमत नसेल तर मला मेसेज टाका. सकाळचे डबे गेले की साडेनऊनंतर मी मोकळी असते, पहिल्या दिवशी मी जाईन सोबत. शेजारच्या मेसवाल्या दोघीजणी पण हो म्हणल्यात. आणि त्या क्लासच्या सरांना उद्या मी जाऊन भेटणार आहे, समुपदेशक कधी ठेवताय विचारायला. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी दहाला मेसवर या.