हलकं काय, हे मेन्यू सांगत नाही. स्वयंपाकघराचं घड्याळ सांगतं

डाएट चालू असताना मोठ्या हॉटेलात जेवायला जायची वेळ आली की पुण्यात दोन जातीची माणसं दिसतात. एक "आज सुट्टी" म्हणत बटर नान मोडतात. दुसरी सीझर सॅलड मागवून सुतकी चेहऱ्याने पानं चघळतात. मला कीव दुसऱ्यांची येते, कारण त्यांनी नानाएवढंच खाल्लेलं असतं आणि नानाची मजाही घालवलेली असते.

हिशोब बघा. साध्या तेल-व्हिनेगरच्या ड्रेसिंगचं ठरलेलं प्रमाण म्हणजे तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर. मोठ्या बोलला 3 टेबलस्पून, म्हणजे 45 मिली ड्रेसिंग सहज जातं. त्यात 34 मिलीच्या आसपास तेल, म्हणजे पावणेतीनशे कॅलरी. पानांच्या कॅलरी जेमतेम 20-30! सीझरमध्ये तर अंड्याचा बलक आणि तेल फेटलेलं असतं, वर चीज, त्यावर कुरकुरीत पावाचे तुकडे. ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागवा. काट्याचं टोक त्यात बुडवा आणि मग पान टोचा. चहाच्या दोन चमच्यांत अख्खं सॅलड संपतं, चवही प्रत्येक घासाला लागते.

पण खरा मुद्दा सॅलडचा नाही. पदार्थ हलका की जड हे नावावर ठरत नाही. तो आधीच शिजून ठेवलाय की तुम्ही सांगितल्यावर शिजणार आहे, यावर ठरतं. मोठ्या स्वयंपाकघरात ग्रेव्ह्या दुपारीच तयार असतात: काजू-मगजाची (म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या बियांची) पांढरी, लोणी-टोमॅटोची मखनी, कांदा-टोमॅटोची तपकिरी. रात्री फक्त त्या कढईत पडतात आणि भाजी किंवा चिकन त्यात घोळतं. अशा पदार्थाला "तेल कमी घाला" सांगणं म्हणजे विणून झालेल्या स्वेटरातून लोकर कमी करायला सांगण्यासारखं. ऑर्डर घेणारा कॅप्टन मान डोलावेल, आणि वरचा क्रीमचा थेंब तेवढा वगळला जाईल.

डाळीचंच घ्या. दाल मखनी तासन्‌तास लोणी-क्रीममध्ये शिजलेली असते, तिच्यातून काही काढता येत नाही. पिवळ्या डाळीचं तसं नाही. वरण आधी शिजवलेलं असलं तरी फोडणी तुमच्या ऑर्डरनंतर बसते. तिथे "एकच चमचा तेल, वरून तूप नको" हे शब्दशः होऊ शकतं. तंदूर, ग्रिल, वाफवलेलं, आयत्या वेळी परतलेलं आणि पातळ सूप, एवढ्यातच तुमचं राज्य आहे. सूपमध्ये 'क्रीम ऑफ' हे शब्द दिसले की पुढे जा. त्याचा दाटपणा बहुतेकदा मैदा-लोण्याचा आणि क्रीमचा. मंचावला दाटपणा कॉर्नफ्लॉवरचा, आणि वर तळलेल्या नूडल्स. लेमन कोरिएंडर किंवा टोमॅटो शोरबा बरा.

सांगायचं कसं, हेही महत्त्वाचं. "मी डाएटवर आहे" या वाक्याला स्वयंपाकघरात काही अर्थ नाही. "लोणी लावू नका, सॉस बाजूला द्या, मॅश केलेल्या बटाट्याऐवजी भाज्या द्या" याला आहे. आणि हे ऑर्डरच्या चिठ्ठीवर, म्हणजे केओटीवर, लिहिलं गेलं पाहिजे. तोंडी सांगितलेलं स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच टिकतं. कॅप्टनला ऑर्डर परत वाचून दाखवायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांचं ते रोजचंच काम आहे. फक्त शनिवारी रात्री नऊला जाऊन ही अपेक्षा ठेवू नका. कोरेगाव पार्क असो की सेनापती बापट रस्ता, साडेसातला पोचलात तर शेफला तुमच्याकडे बघायला वेळ असतो.

तंदुरीत एक गोम आहे. चिकनला आधी आलं-लसूण-लिंबू-मीठ लागतं, मग चक्का, मसाले आणि थोडं मोहरीचं तेल. इथपर्यंत ठीक. अर्धंअधिक भाजल्यावर सीख बाहेर काढून लोण्याचा ब्रश फिरतो, शेवटी आणखी एकदा. तो थांबवता येतो, पण मग छातीचा तुकडा कोरडा पडतो. म्हणून लोणी नको असेल तर तंगडी घ्या, तिच्यात स्वतःची चरबी असते. 'मलई' नावाचं काहीही असलं तर त्यात क्रीम, चीज आणि काजू मुरलेले असतात. ते टाळा.

शाकाहारी मंडळी पनीर टिक्क्यावर निर्धास्त असतात, ते चुकतं. 100 ग्रॅम पनीरमध्ये 18 ग्रॅम प्रथिनं असतात खरी, पण स्निग्धांश 20 ग्रॅमच्या वर. एका प्लेटमध्ये 150 ग्रॅम पनीर धरलं तरी चारशेच्या वर कॅलरी झाल्या. दोघांत एक प्लेट, जोडीला तंदुरी मशरूम आणि पिवळी डाळ, हे जेवण पुरेसं होतं.

ग्रिल्ड मासा चांगलाच, पण बरोबर येणारा लेमन बटर सॉस जवळजवळ सगळा लोण्याचा. तो वाटीत मागवा, किंवा सरळ लिंबाची फोड. बाजूच्या भाज्या आधी पाण्यात उकळून ठेवलेल्या असतात आणि देताना लोण्यात परततात. "नुसत्या उकडलेल्या, मीठ-मिरी-लिंबू" म्हटलं की काम झालं.

रोटी बिनलोण्याची घेतली तर दहा मिनिटांत चामडं होते, लोणी नसल्याने वाफ भराभर उडून जाते. म्हणून एकदम दोन मागवू नका. एक गरम, ती संपली की मगच दुसरीचा विचार.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनदाच जेवणाऱ्यांची अडचण वेगळी. जेवण 55 मिनिटांत संपवायचं, आणि इथे एकामागून एक पदार्थ येत दीड तास जातो. सूप, स्टार्टर, मुख्य पदार्थ सगळं एकदम सांगा आणि "एकत्रच आणा" म्हणा. पावाची टोपली आली की तुकडा तोंडात टाकायचा मोह होतो आणि 55 मिनिटांचं घड्याळ तिथेच सुरू होतं. ती परत पाठवा.

मेन्यूवर कॅलरी छापलेल्या असतील तर जरूर वाचा. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या, तसंच अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) केंद्रीय परवाना असलेल्या ठिकाणांना जुलै 2022 पासून ते बंधनकारक आहे. आकडा ठरलेल्या रेसिपीचा असतो, तुम्ही लोणी काढायला लावलंत तर तो खाली येतो.

पिण्यात 150 मिली वाइनच्या सव्वाशे कॅलरी, 30 मिली व्हिस्कीच्या सत्तरेक. जिनबरोबरच्या टॉनिकमध्ये साखर असते, सोड्यात नसते. मॉकटेल म्हणजे सरबतच, फक्त ग्लास उंच. गोडात सॉर्बे 'हलकं' म्हणून खपवतात. त्यात स्निग्धांश नसतो, साखर मात्र भरपूर. खायचंच तर आवडीचं गोड एक मागवा आणि चौघांत चार चमचे आणवा.

घरून उपाशी निघू नका. पाच वाजता मूठभर फुटाणे आणि ताक घेतलं असेल तर पावाच्या टोपलीकडे हात जात नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहू नका. हॉटेलच्या जेवणात मीठ जास्त असतं, शरीर पाणी धरून ठेवतं आणि काटा किलोभर वर दिसू शकतो. ती चरबी नव्हे. दोन दिवस घरचं जेवा, मग बघा.