मुलांच्या गप्पा आणि त्यांवर लावलेले मोजमाप

किशोरवयीन मुलांच्या इंटरनेट वापराची चर्चा बहुतेक वेळा तासांच्या हिशोबातच अडकते. मुले किती वेळ स्क्रीनसमोर असतात हे महत्त्वाचे आहेच. पण त्या वेळात ती एकमेकांशी कशी बोलतात आणि त्या बोलण्याला अ‍ॅपने कोणते नियम लावले आहेत, याकडे आपण फारसे लक्ष देत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

स्नॅपचॅटवरील स्ट्रीक घ्या. दोन मित्रांनी दर 24 तासांच्या आत एकमेकांना स्नॅप (म्हणजे फोटो किंवा व्हिडिओ) पाठवला, तर नावापुढचा आकडा वाढत जातो. मुदत संपत आली की तेथे वाळूच्या घड्याळाची खूण दिसू लागते. परिणामी, सांगण्यासारखे काहीही नसताना छताचा किंवा उशीचा फोटो पाठवला जातो, आणि परीक्षेमुळे फोन बाजूला ठेवावा लागला तर काही मुले विश्वासातल्या मित्राला पासवर्ड देऊन स्ट्रीक सांभाळायला सांगतात. पासवर्ड कोणाला देऊ नये हे त्यांना ठाऊक असते, पण आपण मैत्रीत कमी पडलो असे समोरच्याला वाटेल, ही धास्ती त्याहून मोठी ठरते.

व्हॉट्सअ‍ॅपवर 2014 मध्ये निळ्या टिक आल्या आणि उत्तराला झालेल्या उशिराचेही अर्थ लावले जाऊ लागले. ‘टायपिंग’ दिसते, थांबते, पुन्हा दिसते आणि शेवटी नुसते ‘ओके’ येते. मधल्या वेळात काय लिहून खोडले असेल, याचा विचार करत पंधरा वर्षांची मुलगी रात्री जागी राहते. (मोठ्यांनाही हे चुकलेले नाही, पण त्या वयात मैत्रीतला लहानसा दुरावाही फार जिव्हारी लागतो.) निळ्या टिक बंद करता येतात हे खरे, मात्र ग्रुपमध्ये ती सोय नाही.

ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. तेथे दंडाची तरतूद मुलांसाठी किंवा पालकांसाठी नसून कंपन्यांसाठी आहे, आणि हे मला पूर्णपणे पटते. सरसकट बंदी मात्र पटत नाही, कारण आपल्यासारखे कोणी आसपास न सापडलेल्या मुलांना अनेकदा ऑनलाइनच जिवाभावाची मैत्री मिळते. त्यापेक्षा 18 वर्षांखालील खात्यांवर स्ट्रीक आणि निळ्या टिक मुळातच बंद ठेवण्याची सक्ती कंपन्यांवर करावी. ज्याला हव्या असतील, त्याने त्या स्वतः सुरू कराव्यात. आणि घरात फोन हिसकावून घेण्याआधी, ‘आत्ता उत्तर दिले नाहीस तर कोण रुसेल?’ एवढे तरी मुलाला विचारावे.