गेस्ट शेअर कशाला?
सांबावरच्या (लिनक्स सर्व्हरवरचे फोल्डर विंडोजला वापरू देणारं सॉफ्टवेअर) त्या लेखात शेअर, म्हणजे नेटवर्कवर वाटलेला फोल्डर, गेस्टला (पासवर्डशिवाय) उघडं ठेवायला सांगितलंय ते नाय पटलं, विंडोज ११ प्रोच्या २४एच२ व्हर्जनमध्ये गेस्ट लॉगिन बाय डिफॉल्ट बंदच आहे, मग शेअर उघडत नाही म्हणून लोक बोंबलणार. सरळ युजर बनवा, फक्त सांबाचा पासवर्ड लिनक्सपेक्षा वेगळा असतो, तो एसएमबीपासडब्ल्यूडी (smbpasswd) कमांडने टाकावा लागतो.
आणि व्हीएफएस मॉड्यूल्सचा (सांबाला जोडायच्या जादा सोयी) उल्लेखच नाही राव! आमच्या महापेच्या ऑफिसात त्यातलं रिसायकल मॉड्यूल लावलंय, कारण शेअरवरून उडवलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जातच नाही, अकाउंट्सवाल्या मॅडमनी एक्सेल डिलीट केली की गेली, आता ती सर्व्हरवरच्या लपलेल्या फोल्डरमध्ये सापडते. फुल ऑडिट मॉड्यूल लावलं तर कोणी उडवली तेपण कळतं (भांडणं वाढतात ती वेगळी 😄). तो लपलेला फोल्डर आपोआप रिकामा होत नाही हां, क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप काम करणारं लिनक्सचं टूल) लावा नायतर डिस्क भरेल.